देवीला काय सांगायचं

कोंडाजी उतेकरांनी नव्या दुकानाचा पडदा बाजूला सारला, आणि पालखी वाडीत शिरायच्या आधीच त्यांच्या घरचा शिमगा सुरू झाला.

“ह्ये काय हाय?”

तुळसा नवऱ्याच्या मागेच उभी होती, ओटीचं ताट हातात धरून. आत काचेची कपाटं नव्हती, बुटांचे खोके नव्हते, आरसा नव्हता. होतं ते हाताने चाक फिरवायचं बूट शिवायचं काळं मशीन, बूट उपडा घालून ठोकायची लोखंडी तिपाई, आऱ्या, रापी, मेण लावलेला दोरा, रबराचे तुकडे आणि गोंदाचा डबा. सगळं फौजी शिस्तीत मांडलेलं. मधोमध स्टुलावर तिचा दीर श्रीपत बसला होता. डावा खोटा पाय पुढे लांब केलेला, आणि कुणाचा तरी जुना बूट मांडीवर घेऊन त्याचा तळ खरवडणं चाललेलं.

“दुकान हाय, दादा,” श्रीपत म्हणाला. “सांगितलं व्हतं ना तुला. गड चढणाऱ्यांच्या बुटांचं काम सुरू करतोय.”

“काम म्हंजे विकायचं ना रे! तू तर... उतेकर असून तू...” पुढचा शब्द कोंडाजींनी गिळला. पण तो आत असलेल्या प्रत्येकाला ऐकू गेला.

आता यात चूक कुणाची म्हणावी? उतेकरांच्या घरात प्रश्न विचारायची रीत नाही. धाकट्याने सांगायचं आणि थोरल्याने मान हलवायची, एवढ्यावर तीन पिढ्यांचा कारभार चालला. श्रीपतने दिवाळीत सांगितलं, कोंडाजींनी मान हलवली, आणि पुढचं सगळं त्यांच्या डोक्यानेच रचलं. बुटांचं काम म्हणजे बुटांचं दुकान, दुकान म्हणजे शोरूम, आणि उतेकरांची शोरूम म्हणजे महाडच्या बाजारपेठेत नसेल अशी. वाडीभर त्यांनी तसं सांगूनही टाकलं. श्रीपत रोज सकाळच्या एसटीने महाडला जाई, संध्याकाळी परत येई. पायाच्या पट्ट्याचं काम असेल, असं घराने धरून चाललं. तुळसाला त्याच्या नखांतलं काळं दिसलं होतं, सदऱ्याला येणारा गोंदाचा वास कळला होता. पण तीही उतेकरांचीच सून. तिने विचारलं नाही.

यावर कळस म्हणजे कोंडाजींनी गावकीत भांडून काळकाईची पालखी या दुकानाशी थांबवायचं कबूल करून घेतलं होतं. शिमग्यात देवी घरोघर जाते, दुकानाशी थांबत नाही. रोपवेच्या वाटेवरच्या हॉटेलवाल्यांनी किती हात जोडले, गावकीने दाद दिली नव्हती. कोंडाजी मात्र भर बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या भावानं देशासाठी पाय दिला. त्याच्या शोरूमच्या दारात आई बसणार नाय तर कुणाच्या बसणार?” बैठक राजी झाली. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी तुळसाकडून दोनदा चहा करून घेतला होता, इतके ते खूष होते.

आणि आता खालच्या आळीत ढोल वाजत होता.

“बाबा, टेन्शन नका घेऊ,” हर्षद म्हणाला. हा कोंडाजींचा मुलगा, मुंबईत नोकरीला, शिमग्यासाठी आलेला. “महाडला माझ्या दोस्ताचं बुटांचं दुकान आहे. त्याच्याकडून खोके मागवतो, बाईकवर येतील. समोर मस्त लायनीत लावू. मागे पडदा ओढायचा. देवी गेली की काकांनी काय करायचं ते करू दे.”

“खोके भरलेले?” चैत्रालीने विचारलं. ही हर्षदची बायको. प्रश्न विचारायची सवय तिने माहेरून आणली होती, त्यात बीएड केलेलं.

“रिकामे. भरलेले कोण देणार फुकट?”

“म्हणजे देवीला रिकामे खोके दाखवायचे.”

“अगो, झाकली मूठ सव्वा लाखाची!” कोंडाजी कडाडले. “पालखीचा पहिला खांदा आपल्या घरचा हाय. उद्या गावकी म्हणेल, चपला शिवणाऱ्यांच्या घरचा खांदा कशाला? मग काय सांगू?”

“बाबा, आपण महाड तालुक्यातले,” चैत्राली हळू पण स्पष्ट बोलली. “याच महिन्यात चवदार तळ्यावर कुठून कुठून माणसं येतात. मी वर्गात मुलांना ते शिकवते. घरी येऊन हे ऐकायचं?”

“त्ये येगळं.”

“वेगळं कसं?”

अडलं की कोंडाजी बायकोकडे वळत. तसे वळले. “तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो. ल्हानपणापासून तुझ्याच पदराला धरून वाढला.”

हे खरं होतं. तुळसा लग्न होऊन आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली आणि श्रीपत जेमतेम शाळेत जाणारा. त्याला न्हाऊमाखू घालणं, भाकरीचा कडक पापुद्रा त्याच्यासाठी काढून ठेवणं, हे सगळं तिनेच केलं. भरतीला गेला तेव्हा तिच्या पाया पडून गेला. सुरुंगावर पाय पडल्याची तार आली, तेव्हा कोंडाजी ओट्यावर बसून राहिले आणि तिने चूल पेटवली, कारण घरात कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. एकीकडे हा दीर आणि दुसरीकडे नवरा, ज्याची सारी ऐट त्या एका खांद्यावर उभी. आज या दोघांतल्या एकाला खाली बघावं लागणार होतं, आणि कुणाला ते तिच्यावर सोपवून माणसं मोकळी झाली होती.

ताट जावेच्या, उज्वलाच्या हाती देऊन ती आत गेली. तिने पडदा ओढून घेतला.

“श्रीपा.”

“बोल वैनी. तुला पाठवलंय ना?”

“पाठवलंय.” ती रबराच्या गोणीवर टेकली. “एक दिवसाचा परश्न हाय, म्हणतायत.”

श्रीपतने बूट खाली ठेवला. रागावलेला दिसला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

“वैनी, वर्षाला दोन वेळा मला खुर्चीवर बसवतात. झेंड्याच्या दिवशी. शाल देतात, नारळ देतात, पोरं टाळ्या वाजवतात. आणि मग पुढल्या झेंड्यापर्यंत मी कोण? कोनाड्यातला गणपती. ज्यो भेटतो त्यो इचारतो, सुभेदार, पाय कसा हाय? मी कसा हाय, ह्ये कोणच इचारीत नाय.”

तुळसाही पायच विचारायची.

“एटीएमवर राखणीला व्हतो तोवर ठीक व्हतं. वय झालं म्हणून त्यांनी घरी बसवलं. मग इथं रस्त्यावर येऊन बसायचो. गडावरून माणसं उतरतात ना, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघतात. मी पायांकडं बघायचो. सवयच लागलीय. आणि बघतो तर काय, कुणी तळ रुमालानं बांधलाय, कुणी नुसता मोजा घालून चाललाय. वर्षभर कपाटात ठेवलेले बूट, त्यांचा गोंद वाळतो, इथल्या पायऱ्यांवर तळ सुटतात. एक बाय तर ओढणी गुंडाळून रडत उतरली. मी माझ्या पायाच्या पट्ट्याची दोरी काढली आणि तिचा तळ बांधून दिला. ती नीट चालत गाडीपर्यंत गेली.” तो हसला. “त्या रात्री मला झोप नाय लागली. एरवी दुखण्यानं लागत नाय. त्या दिवशी खुशीनं नाय लागली.”

“मग शिकलास कुणाकडं?”

“मोरूदादांकडं. महाडला, स्टँडाच्या बाजूला बसतात ते. माझा पट्टा तुटला व्हता. पुण्याला फौजी दवाखान्यात न्यायचा तर किती दिवस. त्यांनी हातात घेतला, शिवला, दिला. चुकचुकले नायत की अरेरे म्हणाले नायत. नुसतं म्हणाले, बकल डाव्या अंगाला घेतलं तर घासणार नाय. वैनी, पाय गेल्यापासून माझ्या पायाशी असं साधं कोण बोललंच नव्हतं. मी तिथंच म्हटलं, मला शिकवा.” त्याने मान वर केली. “आज ते येतायत. नारळ त्यांच्या हातून फुटणार. त्येवढं मी ठरवलंय, आणि त्ये मी फिरवणार नाय.”

तुळसाने कपाळाला हात लावला. म्हणजे कोंडाजींच्या पुढ्यात अजून एक ताट वाढून ठेवलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा खोके पोचले होते. हर्षद ते लांबलचक टेबलावर रचत होता आणि दुकान खरोखरच शोरूमसारखं दिसू लागलं होतं. मोरू कारागीरही पोचला होता. सत्तरीचा, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलेला माणूस. हातात रुमालात बांधलेली एक नवी आरी, शिष्याला द्यायला. तो रस्त्याच्या कडेला उभा होता, कारण कोंडाजींनी त्याला बस म्हटलं नव्हतं. शेवटी चैत्रालीने खुर्ची नेऊन दिली. त्याने खुर्चीकडे पाहिलं, कोंडाजींकडे पाहिलं आणि म्हणाला, “राहू दे बाय. मी आत सुभेदारांकडं बसतो.” आणि पडद्याआड गेला.

“काय म्हणाला?” कोंडाजींनी तुळसाला विचारलं.

“ऐकायचा नाय तो.”

“तू नीट सांगितलंस का?”

“तुम्ही सांगा मग नीट.”

एवढं उलट ती जन्मात कधी बोलली नव्हती.

उज्वलाचं मात्र उलटं निघालं. सख्खी बायको, पण ती खोक्यांच्या बाजूने होती. “आक्का, मला नका बोल लावू,” ती ताट सावरत म्हणाली. “नळावर मला ऐकायचं असतंय. आधी बिचारी, बिचारी म्हणायच्या. आता काय म्हणतील? ह्यांना काय, हे मशीनपाशी बसतील. एक दिवस खोके राहिले तर कुणाचं काय जातंय?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात लाज कमी, थकवा जास्त होता. तुळसाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला दोष कसा द्यायचा? नवऱ्याचा सत्कार वर्तमानपत्रात येतो, बायकोला मिळते ती नळावरची कुजबुज.

ढोल आता वळणावर आला होता. कोंडाजी आत डोकावले आणि पहिल्यांदाच विनवणीच्या सुरात बोलले. “श्रीपत, तुला हात जोडतो. तेवढा वेळ घरात जाऊन बस. मोरूलापण ने.”

“दादा, आई दारात येतेय, तिच्यासमोर भांडण नको,” श्रीपत म्हणाला. “तुला पडदा ओढायचा तर ओढ. पण मी ह्या स्टुलावरून उठणार नाय, आणि मोरूदादापण उठणार नायत.”

कोंडाजींनी पडदा ओढला. कोनाड्यात बसायचं नाही म्हणणारा माणूस आपल्याच दुकानाच्या पहिल्या दिवशी पडद्याआड बसला.

पालखी आली ती नाचतच. गुलालाने रस्ता लाल झाला. अनवाणी पोरं पालखी खांद्यावरून डोक्यावर घेत होती, पुन्हा खाली झुलवत होती, ढोलवाल्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. गडावरून उतरलेले पाहुणे फोन वर धरून उभे राहिले, रोपवेकडे निघालेल्या गाड्या थांबल्या. कोंडाजींनी मानाचा खांदा दिला आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस ढोलावर असा नाचला, की तुळसाला क्षणभर लग्नातला नवरा आठवला. मग पालखी दुकानासमोरच्या चौरंगावर बसली. काळकाईचा चांदीचा मुखवटा उन्हात झळकला. सुवासिनी ओट्या भरायला पुढे झाल्या.

ओट्या भरून झाल्यावर गावकीच्या वतीने बाळोजी गावकार गाऱ्हाण्याला, म्हणजे देवीपुढे मागणं घालायला, उभा राहिला. हातात नारळ, डोक्याला रुमाल. त्याने खोक्यांच्या रांगेकडे कौतुकाने पाहिलं.

“सुभेदार कुठं हायत?”

“आत हाय,” कोंडाजी म्हणाले. “तयारी चाललीय.”

“बरं. कोंडाजी, तू थोरला. सांग, आईला काय सांगू? कसला धंदा मांडलाय तुझ्या भावानं?”

ही पद्धतच होती. देवी ज्याच्या दारात बसते, त्या घरच्या थोरल्याने मागणं आपल्या तोंडाने सांगायचं. गावकार ते देवीपुढे घालणार, आणि पहिला ‘होय म्हाराजा’ त्याच थोरल्याने म्हणायचा. त्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आणि देवी बसलेली असताना जो खोटं बोलेल त्याच्या दारातून पालखी उठत नाही, हे हिरकणीवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोंडाजींच्या आजोबांच्या काळात कुणीतरी बांधाबद्दल खोटं बोललं होतं म्हणे, आणि आठ माणसांना पालखी हलली नव्हती. ही गोष्ट शिमग्याला पोरांना गोळा करून सांगणारे स्वतः कोंडाजीच.

एवढं सगळं जमवताना, गावकीत भांडताना, खोके मागवताना, हे गाऱ्हाणं मात्र त्यांच्या डोक्यातून पार निसटलं होतं.

“सांग की,” गावकार म्हणाला.

“सांग... सांग की आई, श्रीपतनं...” कोंडाजींचे कान लाल झाले. तुळसाला ते कान चांगले माहीत होते. हा माणूस खोटं बोलणार नव्हता आणि खरंही बोलू शकत नव्हता. “श्रीपतनं दुकान...”

“कसलं दुकान?”

लोक थांबले. ढोलवाल्याने उगाच एक टिपरू मारलं आणि तोही थांबला.

तुळसा पुढे झाली. आधी ठरवून झाली असं नाही, पाय निघाले. गाऱ्हाण्यात बाईमाणूस बोलत नाही, हे तिला माहीत होतं. तिने टेबलाला वळसा घातला, पडदा मुठीत धरला आणि असा ओढला, की वरच्या दोन कड्या तुटून खाली पडल्या.

आत सुभेदार श्रीपत उतेकर आणि मोरू कारागीर शेजारी शेजारी बसले होते.

“बाळोजी, आईला सांग,” तुळसाचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “माझा दीर बूट-चपला शिवतो. विकत नाय, शिवतो. गडावरून अनवाणी उतरणाऱ्याला परत चालता करतो. ह्या मोरूदादांनी त्याला शिकवलं. ह्येच सांग, दुसरं काय सांगू नको.”

गर्दीतून कुजबुज उठली आणि तुळसाला वाटलं, संपलं आता, आपणच घराचं नाक कापलं. तिने मान खाली घातली नाही, एवढंच. इतक्यात तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. उज्वला होती. ताट कमरेशी घट्ट धरून तिने रस्त्यावरच्या बायकांकडे एकेक करून पाहिलं, ज्या नळावर असत त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “व्हय,” ती म्हणाली. “शिवतो माझा नवरा.”

श्रीपत उठला. टेबलाला न धरता उठला आणि उभा राहिला, छाती पुढे, हात बाजूला, जसा तो परेडला उभा राहत असेल.

बाळोजी गावकाराने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. तो तिरसट माणूस होता, पण देवीच्या कामात चोख होता. “बाईनं सांगितलं त्ये आईनं ऐकलं,” तो म्हणाला. “पण होय थोरल्याचा लागतो. कोंडाजी, मी गाऱ्हाणं घालतो. तुझा होय असंल तर म्हण, नसंल तर पालखी उचलू.” आणि नारळ कपाळाला लावून त्याने सूर लावला:

“बा काळकाई माते! आज तू उतेकरांच्या दारात, वाटेच्या कडेला येऊन बसलीस. तुझ्या ह्या लेकरानं, श्रीपतनं, लोकांच्या पायांची सेवा मांडलीय. बूट-चपला शिवायचं काम हाती घेतलंय. त्याच्या हाताला यश दे, त्याच्या सुईला धार दे, वाटेत काय आडवंतिडवं असंल त्ये दूर कर गो आई!”

आणि तो थांबला. सगळी वाडी कोंडाजींकडे बघत होती. कोंडाजी भावाकडे बघत होते. दोघे भाऊ असे समोरासमोर कधी उभे राहिले होते? तुळसाला आठवेना. एकाने सांगायचं, दुसऱ्याने मान हलवायची, यात तोंडाकडे बघायची वेळच कधी आली नव्हती. कोंडाजींची नजर भावाच्या चेहऱ्यावरून खाली आली, खोट्या पायावर न थांबता हातांवर येऊन थांबली. त्या हातांना गोंद लागला होता, दोऱ्याने बोटं कापली होती. कामाचे हात होते ते. शेतकऱ्याच्या पोराला कामाचे हात ओळखायला वेळ लागत नाही.

“होय म्हाराजा!”

हा आवाज कोंडाजींचाच. एवढा मोठा, की चौरंगाजवळचं पोर दचकलं.

“होय म्हाराजा!” वाडी गरजली, आणि गरज नसताना कोंडाजींनी तिसऱ्यांदा आरोळी ठोकली, एकट्याने, डोळे पुसत. ढोल असा सुटला की समोरच्या हॉटेलातले पेले थरथरले. तुळसा हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळेना. इतकी वर्षं या घरात ती राबली, पण हे घर आपलं आहे असं तिला आजच्याएवढं कधी वाटलं नव्हतं.

“आणि हर्षद!” कोंडाजी ओरडले. “ते खोके उचल आधी! आईच्या पुढ्यात रिकामे खोके मांडतात काय रे, गाढवा?”

“बाबा, तुम्हीच तर...”

“उचल म्हणतो ना!”

चैत्रालीने पदर तोंडाला लावला. गावकाराने नारळ थोरल्याच्या हातात दिला. कोंडाजींनी तो घेतला, हातात फिरवला, शेंडी चाचपली आणि दोन पावलं आत जाऊन मोरूपुढे धरला. मोरू उठून उभा राहिला, पण हात पुढे करीना. घटकेपूर्वी रस्त्यावर उभा ठेवलेला माणूस, एका नारळाने सगळं विसरेल असं थोडंच आहे?

“घ्या, मोरूदादा,” कोंडाजी पडलेल्या आवाजात म्हणाले. “मघाशी माझं चुकलं. तुम्हांला बसा म्हटलं नाय.”

मोरूने एकदा श्रीपतकडे पाहिलं. मग नारळ घेतला.

“हळू फोडा फक्त,” कोंडाजींना राहवलं नाही. “फरशी नवीन हाय.”

एका दणक्यात नारळ फुटला, फरशीवर नाही, दाराबाहेरच्या दगडावर. पाणी उडालं ते कोंडाजींच्या धोतरावर. पोरांनी पालखी उचलली, आणि ती नेहमीसारखी, सहज उठली. जाताना गावकार मोरूला म्हणाला, “माझ्या वहाणांचा अंगठा तुटलाय, संध्याकाळी पाठवून देतो.” श्रीपत म्हणाला, “पाठवू नका, घेऊन या. इथं माणूस बसलाय.” गावकाराने मान डोलवली आणि पालखीमागे गेला.

गर्दी ओसरली. गुलाल, फुलं आणि पानं रस्त्यावर पडून राहिली. उज्वला आणि तुळसा पुरणपोळ्यांची पानं मांडायला वळल्या. आता खरं तर कोंडाजींनी पालखीमागे जायचं, पुढच्या घरी मान घ्यायचा. ते गेले नाहीत. दुकानाच्या पायरीवर उभे राहून ते गडाच्या वाटेकडे बघू लागले, आणि तुळसा त्यांच्याकडे.

वरून मुलामुलींचा घोळका उतरत होता. त्यांत एक चष्म्यातली मुलगी मागे पडलेली. तिच्या एका पायातल्या बुटाचा तळ निघून हातात आलेला. तापलेल्या रस्त्यावर ती टाच टेकवत, उड्या मारत येत होती.

“ओ ताई!” कोंडाजींनी हाक घातली. “ताई, इकडं! इकडं या!”

“काका, इथे कुठे गोंद मिळेल का हो?” तिने लांबूनच विचारलं.

“गोंदानं काय व्हतंय? खालच्या वळणापर्यंत टिकायचा नाय.” ते रस्त्यात उतरले होते. “शिवून घ्या. माझा भाऊ शिवतो. सुभेदार हाय तो. बसा, बसा इथं.”

गावकारासाठी मांडलेली खुर्ची त्यांनी स्वतः ओढून दिली. मुलगी बसली आणि नाडी सोडायला वाकली, पण गाठ धुळीने घट्ट झाली होती, तिला सुटेना. तुळसा बघत होती. काळकाईच्या पालखीचा पहिला खांदा देणारे कोंडाजी उतेकर भररस्त्यात गुडघ्यावर बसले, त्यांनी ती गाठ ओठ आवळून सोडवली आणि तो मातीने भरलेला, घामाने भिजलेला परका बूट दोन्ही हातांत उचलून आत नेला.

“घे,” ते श्रीपतला म्हणाले. “तुझी भवानी.”

श्रीपतने बूट घेतला. एक क्षण दोघांचेही हात त्या बुटावर होते.

“दादा, तू हात लावलास...”

“मग काय पायानं ढकलीत आणू?” कोंडाजी गुरकावले आणि धोतराला हात पुसत पायरीवर जाऊन बसले, गडाच्या वाटेकडे तोंड करून, पुढचं गिऱ्हाईक हेरायला. मग मागे न बघताच म्हणाले, “नीट शिव रे. उतेकरांचं दुकान हाय.”